सोवा रिग्पा: तिबेटी वैद्यक आणि त्यातला बुद्ध, शिकायला सुरुवात कुठून करावी?

इंद्रायणीकाठ

नमस्कार मंडळी, बरेच दिवस हा धागा काढायचं मनात होतं, आज जरा निवांत वेळ मिळालाय.

गेल्या वर्षी माझी आई गेली. त्यानंतर सहा-सात महिने मला झोप म्हणून लागेना, छातीत धडधड, उगीचच दचकायला व्हायचं, आणि सगळे रिपोर्ट नॉर्मल. मैत्रिणीबरोबर धरमशाळेला गेले होते, तिच्या आग्रहामुळे एका तिबेटी डॉक्टरबाईंना दाखवलं. सकाळची पहिली लघवी बाटलीत घेऊन या म्हणाल्या. त्यांनी ती पांढऱ्या वाडग्यात ओतली आणि एका बारीक काडीने आपण ताक घुसळतो तशी भराभर घुसळली. फेस आला. बुडबुडे केवढे आहेत, किती वेळ टिकतात हे बघत बसल्या, रंग बघितला, वाकून वास घेतला, त्यांच्या चेहऱ्यावर किळस वगैरे काही नाही, आजी भाताचा वास घेऊन झाला की नाही बघायची तसं. मग दोन्ही मनगटांवर तीन तीन बोटं ठेवून कितीतरी वेळ गप्प. आणि मग प्रश्न. झोप कशी आहे, काय खाता, घरी कोण असतं, इतक्यात काही दुःख झालंय का. आईचं सांगितलं तर एवढंच म्हणाल्या की लुंग म्हणजे वात वाढलाय, रिकाम्या पोटी चहा-कॉफी बंद करा, गरम आणि तुपातलं खा, आणि एकट्या बसू नका, आवडत्या माणसांशी बोलत जा. ही शेवटची सूचनाही औषधाच्याच कागदावर लिहून दिली.

गोळ्या म्हणजे तपकिरी, खड्यासारख्या टणक, चावून गरम पाण्याबरोबर घ्यायच्या, चव महाकडू. दोनेक महिन्यांत झोप आली. गोळ्यांनी की बोलण्याने हे मला वेगळं करता येत नाही, पण त्यांच्या शास्त्रात ते वेगळं केलेलंच नाहीये हे नंतर वाचताना कळलं आणि तिथून मी यात पुरती अडकले.

आत्तापर्यंत जे समजलंय ते थोडक्यात मांडते, चुकलं तर सांगा. सोवा रिग्पा म्हणजे बरं करण्याची विद्या. मूळ ग्रंथ ग्युशी, म्हणजे चार तंत्रं: मूलतंत्र, व्याख्यातंत्र, उपदेशतंत्र आणि उत्तरतंत्र, मिळून १५६ अध्याय. त्याची सुरुवात अशी आहे की सुदर्शन नावाच्या औषधींच्या नगरीत भैषज्यगुरू बुद्ध बसलेत, त्यांच्यातूनच दोन ऋषी प्रकट होतात, एक प्रश्न विचारतो आणि दुसरा उत्तरं देतो, आख्खा ग्रंथ हा असा संवाद. शरीरात तीन गोष्टी, लुंग, ट्रीपा आणि बेकेन. म्हणजे आपले वात, पित्त, कफ. पण हे तिघं बिघडतात कशाने, तर तिथे थेट मन येतं: राग, द्वेष, मोह. आणि त्या तिघांच्याही मुळाशी अविद्या. मला वाटतं हाच या शास्त्राचा कणा आहे. आजार अविद्येतून सुरू होतो असं वैद्यकाच्या पुस्तकात लिहिलेलं आहे, प्रवचनात नाही.

इथे कोणी हे शिकलंय का, किंवा लडाखात आमचींकडे (तिकडे सोवा रिग्पाच्या वैद्याला ‘आमची’ म्हणतात) जाऊन आलंय का? मराठीत मला फारसं काही सापडलं नाही.

सावली_७

वा, सुंदर विषय. वाचतेय. एक समजलं नाही, रागाने पित्त खवळतं असं आपण म्हणतोच की, मग रागाने लुंग म्हणजे वात कसा बिघडतो? उलटं लिहिलंय का ताई तुम्ही?

पिंपळपान

सावली, तुमचा गोंधळ होणं अगदी स्वाभाविक आहे, आमच्या विहारात दर वर्षी नवीन लोकांचा इथेच होतो. पाली-संस्कृतातला राग म्हणजे क्रोध नाही, राग म्हणजे आसक्ती, ओढ, हवंहवंसं वाटणं. आपण अनुराग म्हणतो त्यातला राग. मराठीत ज्याला राग आला म्हणतो तो तिकडे द्वेषात जातो. म्हणून: आसक्ती, हाव, ओढ याने लुंग. द्वेष, चीड याने ट्रीपा, म्हणजे तुमचं पित्त खवळणं बरोबरच आहे. आणि मोह, म्हणजे मनाचा मंदपणा, कळूनही न कळणं, याने बेकेन, म्हणजे कफ, जडपणा. भवचक्राचं चित्र बघितलं असेल तर मधोमध एकमेकांच्या शेपट्या तोंडात धरलेले कोंबडा, साप आणि डुक्कर असतात ना, तेच हे तिघं. तिबेटी डॉक्टर रोग्याची नाडी बघतो तेव्हा एका अर्थी तो हेच चक्र हाताने चाचपतोय.

इंद्रायणीकाठ ताईंना आई गेल्यावर लुंग सांगितला तो म्हणूनच. ज्याच्याशी जीव जडला ते सुटत नाही, आणि शरीर त्याचा वारा करतं.

बौद्ध संबंधाबद्दल अजून एक. चार आर्यसत्यं बघा: दुःख, दुःखाचं कारण, दुःखाचा निरोध, निरोधाचा मार्ग. हीच वैद्याची रीत आहे, रोग, रोगाचं निदान, आरोग्य आणि उपचार. विनयपिटकाच्या, म्हणजे भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथाच्या, महावग्गात एक प्रसंग आहे, एक भिक्खू हगवणीने स्वतःच्याच घाणीत पडलेला असतो, कोणी बघत नाही कारण तो कोणाच्या उपयोगाचा नाही. भगवान स्वतः पाणी ओततात, आनंद त्याला धुतात, दोघं मिळून उचलून खाटेवर ठेवतात. आणि मग संघाला सांगतात की ज्याला माझी सेवा करायची आहे त्याने आजाऱ्याची करावी. माझ्यासाठी तरी तिबेटी वैद्यक तिथून सुरू होतं, ल्हासातून नाही.

वैद्यबुवा

धागा छान आहे. मी आयुर्वेदाचा, वाईला प्रॅक्टिस करतो. अभिनिवेश न ठेवता सांगतो, ग्युशीतला बराच भाग आमच्या वाग्भटाचा आहे. त्याचं अष्टांगहृदय ११व्या शतकात तिबेटीत गेलं, भाषांतर करणाऱ्यांत रिन्चेन झांगपो हे त्यांचे थोर लोचावा म्हणजे भाषांतरकार होते. चंद्रनंदनाची पदार्थचंद्रिका टीकाही तिकडे गेली. आणि गंमत म्हणजे त्याच अष्टांगहृदयावर १३व्या शतकात देवगिरीला यादवांच्या हेमाद्रीने आयुर्वेदरसायन नावाची टीका लिहिली. ज्याच्या नावाने आपण हेमाडपंती देवळं म्हणतो तोच हा हेमाद्री. एकच पोथी, इकडे देवगिरीवर अभ्यासली जातेय आणि तिकडे हिमालयापलीकडे पाठ केली जातेय. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा रात्रभर झोप नव्हती.

तेव्हा सोवा रिग्पा ही आयुर्वेदाचीच शाखा म्हणायला हरकत नसावी.

इंद्रायणीकाठ

वैद्यबुवा, हेमाद्रीचं माहीत नव्हतं, फार मोठी गोष्ट सांगितलीत. पण शाखा म्हणायला माझी थोडी हरकत आहे, रागावू नका. नाडीपरीक्षा वाग्भटात कुठे आहे? आयुर्वेदात ती शार्ङ्गधरसंहितेत येते ना, म्हणजे १३व्या-१४व्या शतकात. ग्युशीच्या उत्तरतंत्रात पहिलाच अध्याय नाडीचा आणि दुसरा लघवीचा आहे, आणि ग्युशीला आजचं रूप देणारे युथोक योंतेन गोंपो १२व्या शतकातले. नाडीची त्यांची पद्धत चीनकडून आलेली दिसते, मोक्सा म्हणजे डाग देण्यासारखा जो प्रकार आहे त्याचंही तसंच. तिबेटी परंपरा स्वतःच सांगते की राजांनी भारत, चीन, पर्शिया सगळीकडून वैद्य बोलावले. त्यांनी घेतलं सगळ्यांचं आणि ते ओवलं मात्र बौद्ध दोऱ्यात.

नाडीचा तो अध्याय तर कितीदा वाचला तरी पुरत नाही. आदल्या दिवशी रोग्याने जड खाऊ नये, दारू नाही, दगदग नाही. आणि वेळ कोणती, तर पहाटेची, सूर्याची किरणं डोंगराच्या माथ्यावर पडलीत पण अजून खोऱ्यात उतरलेली नाहीत तेव्हा, कारण तेव्हा शरीरातली उष्णता आणि थंडी समतोल असते. तर्जनी कातडीवर टेकेल इतकीच, मधलं बोट मांसापर्यंत दाबायचं, अनामिका हाडापर्यंत. प्रत्येक बोटाच्या दोन बाजूंनी दोन वेगवेगळे अवयव वाचायचे. आणि माणसाच्या मूळ नाडीचे तीन प्रकार: पुरुष नाडी जाड-भरीव, स्त्री नाडी बारीक-जलद, आणि तिसरी बोधिचित्त नाडी, मऊ, गुळगुळीत, लांब. बोधिचित्त म्हणजे सगळ्यांच्या भल्यासाठी बुद्धत्व मिळवायची ओढ, शरीराच्या एका ठोक्याला हे नाव द्यावंसं वाटणं, हे वाग्भटात नाही ना मिळणार.

वैद्यबुवा

ताई, नाडीचा मुद्दा मान्य, शार्ङ्गधराआधी आमच्याकडे ती नाही हे खरंच आहे. शाखा शब्द मागे घेतो, भावंडं म्हणूया. अजून एक विचारतो, ग्युशी हे बुद्धवचन मानतात की युथोकची रचना? आमच्याकडे चरकाबद्दल असे वाद आहेत म्हणून कुतूहल.

पिंपळपान

हा वाद तिबेटी पंडितांनीच शतकानुशतकं घातलाय वैद्यबुवा. एक बाजू म्हणते साक्षात भैषज्यगुरूंचं वचन, दुसरी म्हणते युथोकनी लिहिलं. दोन्ही बाजूंना मोठमोठे आचार्य आहेत आणि दोघांचेही शिष्य तोच ग्रंथ तोंडपाठ करतात. मला यातली मोकळीक फार आवडते.

भैषज्यगुरूंची मूर्ती नीट बघा कधी मिळाली तर. शरीर निळं, वैडूर्याचं. आपल्याकडे वैडूर्य म्हटलं की लसण्या समजतात पण इथे गडद निळा लाजवर्द. डाव्या हातात औषधाचं पात्र आणि उजव्या हातात फळासकट एक डहाळी. ते फळ कोणतं, ओळखा बघू.

घाटवाट

हिरडा!! माझा विषय आला, आता मी बोलणार.

मी जुन्नर तालुक्यातला, आमच्याकडे आणि आंबेगाव-भीमाशंकर पट्ट्यात हिरडा म्हणजे घरखर्च. महादेव कोळी घरांमधून आख्खं कुटुंब झाडाखाली असतं, कोवळा असतानाच झोडून-वेचून वाळवायचा, तो बाळहिरडा, काळा सुरकुतलेला, आणि व्यापाऱ्याला किलोवर द्यायचा. लहानपणी शाळा बुडवून मी हेच केलंय, बोटं आठवडाभर काळी-तपकिरी राहायची, साबणाने जायची नाहीत. आईने खोकल्याला तोच चघळायला द्यायचा.

चार वर्षांपूर्वी लेहला गेलो होतो, एका गोम्पात भिंतीवर निळे बुद्ध आणि हातात ती डहाळी. तिथले लामा म्हणाले अरुरा, औषधांचा राजा. मी फोनमधला आमच्या अंगणातला फोटो दाखवला. ते फोटोकडे इतका वेळ बघत राहिले की मला वाटलं चुकीचा दाखवला की काय. म्हणाले, आम्ही हे झाड आयुष्यात पाहिलेलं नाही, फक्त वाळकं फळ पाहिलंय. लडाखच्या उंचीवर हिरडा येणार कुठून, खालून मैदानातूनच जाणार. त्रिफळाही त्यांच्याकडे आहे, अरुरा, बरुरा, क्युरुरा: हिरडा, बेहडा, आवळा.

आमच्या पोरांना कोणी सांगायला हवं की तुम्ही जे पोत्यात भरताय ते कुठेतरी बुद्धाच्या हातात आहे.

सावली_७

घाटवाट दादा, काटा आला अंगावर.

इंद्रायणीकाठ

घाटवाट, तुमच्या पोस्टला शंभर वेळा अनुमोदन. ग्युशीत हिरड्याचे पाच प्रकार सांगितलेत आणि सगळ्यात श्रेष्ठ तो नामपर ग्यालवा, म्हणजे शब्दशः विजया. आयुर्वेदातही हरीतकीच्या जातींमध्ये पहिली विजयाच ना वैद्यबुवा?

आणि स्वयंपाकघरातलं ऐका. त्यांच्याकडे सहा उत्तम औषधं असा एक गट आहे: वंशलोचन फुप्फुसाला, केशर यकृताला, लवंग प्राणनाडीला, जायफळ हृदयाला, वेलची मूत्रपिंडाला, मोठी वेलची प्लीहेला. माझ्या लुंगावरच्या गोळीत जायफळ होतं हे मला जिभेवर आल्या आल्या कळलं, कारण आई माझ्या लेकाला झोप यावी म्हणून सहाणेवर जायफळ उगाळून चाटवायची. दोन वेढे, जास्त नाही, असं मोजून. ती चव आली आणि मी तिथे बाकावर बसून रडले.

स्टेथो

धागा उत्तम चाललाय, मला विरस करायचा नाहीये, पण मी किडनीच्या वॉर्डात काम करतो त्यामुळे लिहिणं भाग आहे.

मागच्या वर्षी आमच्याकडे पंचावन्न वर्षांचे एक काका आले होते, हायवेच्या कडेला तंबू लावून हिमालयातली जडीबुटी विकणाऱ्यांकडून तिबेटी भस्म म्हणून काहीतरी तीन महिने घेतलं, शुगरच्या गोळ्या स्वतःहून बंद केल्या, आणि क्रिएटिनिन कुठल्या कुठे. काकूंच्या हातात पुडी होती, त्यावर ना नाव ना पत्ता. त्या पुन्हा पुन्हा एवढंच म्हणत होत्या की डॉक्टर, त्याने नाडी बघितली होती हो. वाचले काका, पण डायलिसिसवर आहेत.

मौल्यवान गोळ्या म्हणून ज्या तिबेटी रिन्चेन गोळ्या असतात त्यांतल्या काहींत शोधन केलेला पारा असतो, धातू असतात. त्यांची शोधनाची प्रक्रिया मोठी आणि जुनी आहे हे मी वाचलंय, तिचा आदर आहे, तरी कोणीही ऑनलाइन मागवून स्वतःच्या मनाने घेऊ नका, गरोदर असाल, किडनीचं काही असेल तर अजिबातच नाही. जे घेताय ते तुमच्या नेहमीच्या डॉक्टरला सांगा, लपवू नका. आम्ही ओरडत नाही.

इंद्रायणीकाठ

स्टेथो, विरस कसला, हे वरच चिकटवून ठेवायला हवं. तंबूवाल्यांचा आणि सोवा रिग्पाचा काडीचा संबंध नाही. २०१० मध्ये भारत सरकारने कायद्यात दुरुस्ती करून या पद्धतीला रीतसर मान्यता दिली, आज आयुर्वेद, युनानी, सिद्धसारखीच ती राष्ट्रीय आयोगाखाली येते, पदवी साडेपाच वर्षांची आहे. नोंदणी आहे का हे समोरच्याला सरळ विचारता येतं, आणि खरा आमची विचारल्याने दुखावत नाही.

रिन्चेन गोळी मला दिली नव्हती पण मैत्रिणीला मिळाली होती, तिची घ्यायची रीत पाहिली. रंगीत रेशमी कापडाची पुरचुंडी, पंचरंगी दोऱ्याने बांधलेली. रात्री अंधारात उघडायची, उजेड लागू द्यायचा नाही, वाटीत चुरून कोमट पाण्यात भिजवून झाकून ठेवायची. पहाटे उठून अनामिकेने ढवळायची, भैषज्यगुरूंचा मंत्र म्हणायचा आणि प्यायची, मग अंगावर पांघरूण घेऊन पडून राहायचं. पुढे पथ्य. मंत्र आपल्याला सहज कळतो कारण तो संस्कृतच आहे, तद्यथा ॐ भैषज्ये भैषज्ये महाभैषज्ये, फक्त त्यांच्या उच्चारात तेयाता ओम बेकांझे होतं. ती म्हणत होती की गोळीपेक्षा त्या पहाटेने मला धीर दिला.

नवखा_वाचक

शिकायचं असेल तर नेमकं कुठे? माझी भाची बारावीला आहे, तिला यात खरंच रस आहे.

पिंपळपान

भाचीला आधी तिबेटी भाषा शिकायला लावा, बाकी सगळं त्यानंतर. विद्यार्थी ग्युशी खरोखर पाठ करतात, शेकडो पानं घडाघडा म्हणून दाखवावी लागतात. शिकण्याच्या जागा म्हणजे धरमशाळेचं मेन-त्सी-खांग, सारनाथचं केंद्रीय उच्च तिबेटी शिक्षा संस्थान, लेहजवळ चोगलमसरचं केंद्रीय बौद्ध विद्या संस्थान, आणि दार्जिलिंगचं चागपोरी. प्रवेशाचे नियम त्या त्या संस्थेकडूनच ताजे घ्या.

या नावांमागचा इतिहास भाचीला जरूर सांगा. पाचव्या दलाई लामांचे देसी म्हणजे कारभारी सांग्ये ग्यात्सो, यांनी १६९६ मध्ये ल्हासात लोखंडी डोंगरावर चागपोरी विद्यालय काढलं. त्याआधी त्यांनी ग्युशीवर नीलवैडूर्य नावाची टीका लिहिली आणि ती समजावी म्हणून ७९ थांगका, म्हणजे कापडावरची चित्रं, रंगवून घेतले. त्यातलं झाडाचं चित्र तर अभ्यासक्रमच आहे: तीन मुळं, ९ खोडं, ४७ फांद्या, २२४ पानं. दोन फुलं, निरोगीपण आणि दीर्घायुष्य. तीन फळं, धर्म, अर्थ आणि सुख. १९१६ मध्ये तेराव्या दलाई लामांच्या काळात ल्हासात मेन-त्सी-खांग निघालं. १९५९ मध्ये चागपोरी तोफांनी जमीनदोस्त झालं. १९६१ मध्ये निर्वासितांनी धरमशाळेत मेन-त्सी-खांग पुन्हा उभं केलं. त्याच्या सुरुवातीच्या कर्त्या मंडळींतले येशी धोंदेन, जे पुढे दलाई लामांचे वैद्य होते, त्यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. ज्यांचं घरदार, डोंगर, औषधांची कुरणं सगळं सुटलं त्यांनी पाठ केलेला ग्रंथ तेवढा डोक्यातून आणला. पाठांतराला नावं ठेवणाऱ्यांनी याचा विचार करावा.

वैद्यबुवा

विजयाबद्दल, होय ताई, सातांत पहिली विजयाच.

गेले चार दिवस ते थांगका बघतोय. गर्भाच्या वाढीचं चित्र पाहिलं का कोणी? आधी माशाची अवस्था, मग कासवाची, मग डुकराची. मत्स्य, कूर्म, वराह! मी चित्र घरी बाबांना दाखवलं, ८२ वर्षांचे आहेत, त्यांनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. आणि वैद्याच्या लक्षणांचा अध्याय, व्याख्यातंत्रातला शेवटचा. बुद्धी, करुणा, वचनाचा पक्केपणा, कायावाचामनाचं कौशल्य, चिकाटी आणि लोकव्यवहाराची जाण, हे सहा गुण. चरकातही वैद्याचे गुण आहेत, पण हा अध्याय करुणेपाशी ज्या प्रकारे थांबतो तो वेगळा वाटला. रुग्णाकडे आप्त म्हणून बघा, त्याचा पू आणि रक्त किळसवाणं मानू नका. तुमच्या डॉक्टरबाई वाडग्यावर वाकल्या ते यातूनच आलंय ताई. मी सोमवारपासून ओपीडीत रुग्णाला पहिला प्रश्न झोपेचा आणि दुसरा घरी कोण असतं हा विचारायला लागलोय. वेळ जास्त लागतो, बाहेर रांग कुरकुरते, पण दोन जण रडले आणि मग खरं काय ते बोलले.

झाडीपट्टी

मी गोंदिया जिल्ह्यातला, उशिरा आलो. आमच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ तिबेटी लोकांची नोर्ग्येलिंग वसाहत आहे, १९७२ पासून, आम्ही कॅम्प म्हणतो. थंडीत हीच माणसं गावोगाव स्वेटर विकतात. इतकी वर्षं त्यांच्याकडून स्वेटर घेतले पण बाकी कधी काही विचारलं नाही. घाटवाट यांचं वाचून राहवलं नाही म्हणून काल खिशात चार हिरडे घालून गेलो.

ओळखीच्या एक म्हाताऱ्या आजी आहेत, उन्हात बसून माळ ओढत होत्या. तळहातावर हिरडे ठेवून दाखवले. अरुरा, म्हणाल्या, मी न विचारता. एक उचलून कपाळाला लावला, मग पदराला पुसून तोंडात टाकला. चघळता चघळता झाडीबोलीत म्हणाल्या, हा कोठून आनलास रे बाबू? मी म्हटलं, आपल्याच जंगलातला आजी, नवेगावबांधच्या बाजूचा. त्या हसल्या, आणि उरलेले तीन घराच्या आत देव्हाऱ्यासमोर नेऊन ठेवले. आत निळे बुद्ध होते का ते दारातून दिसलं नाही, पुढच्या खेपेला विचारून सांगतो.